कंपाउंडरच्या घरचं रक्त

शमुवेल कंपाउंडरच्या स्मरणदिनाचं मटण कुणी शिजवायचं, हा प्रश्न कोल्हारच्या त्या घरात आजवर कधी पडलाच नव्हता. सासरे गेल्यापासून दरवर्षी दयाच चूल पेटवायची, दयाच मसाला भाजायची आणि प्रार्थना आटोपली की सगळी मंडळी बोटं चाटत तिचंच कौतुक करायची. यंदा मात्र पातेल्यापाशी धाकटी जाऊ एंजेला उभी होती. रश्श्यात पाणी किती घालायचं ते तिला कळत नव्हतं आणि विचारायचीही सोय नव्हती. ज्या बाईला चुलीपाशी येऊ नका म्हणून आपणच सांगितलं, तिलाच वाटणाचं प्रमाण कुठल्या तोंडानं विचारायचं?

दया मागच्या पडवीत सावली धरून बसली होती. साडीवरून नवऱ्याचा जुना, फुल बाह्यांचा शर्ट. हातांना ऊन लागू द्यायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. गेल्या उन्हाळ्यात कांदा काढताना तिच्या पंज्यांवर वरच्या बाजूने फोड उठले, थेट भाजल्यासारखे. फुटले, चिघळले, काळे डाग ठेवून गेले आणि परत उठले. दाराची कडी नुसती घासली तरी कातडी सोलून यायची. वस्तीत आधी कुजबुज झाली की महारोग आहे. मग कुणी म्हणालं, करणी आहे. आणि असं म्हणणारे रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारेच होते. शेवटी नगरच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी ते हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, आधी रक्त तपासून या. खरा रोग कातडीचा नव्हताच. तो काविळीचा एक प्रकार होता, हिपॅटायटिस सी नावाचा, वर्षानुवर्षं गुपचूप लिव्हर पोखरणारा. हातावरच्या फोडांनी फक्त त्याची चुगली केली होती.

गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळाल्या. रोज एक, तीन महिने. आता दुसरा महिना सरत आला होता आणि नवे फोड यायचे थांबले होते. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं की हा आजार पूर्ण बरा होतो, एका ताटात जेवून लागत नाही, शिवून लागत नाही, रक्ताला रक्त लागलं तरच लागतो.

हे सगळं तिच्या नवऱ्याने, योहाननेही ऐकलं होतं, तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून. ऐकून झाल्यावर त्याने एकच विचारलं, "नवराबायकोत?"

"क्वचितच," बाई म्हणाल्या.

झालं! बाकीचं सगळं बोलणं गुरुजींच्या एका कानातून शिरलं आणि दुसऱ्यातून निघून गेलं, तेवढं 'क्वचित' आत अडकून राहिलं. योहान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचा आणि पोरांच्या चुका शोधायची सवय त्याला घरीही सुटत नव्हती. लग्नानंतर काही काळ दया राहात्याच्या एका खाजगी दवाखान्यात आया म्हणून रात्रपाळी करायची. पहाटे तिथला ड्रायव्हर वाल्मिक तिला गाडीतून फाट्यावर सोडायचा. वाल्मिक तिला भाऊबिजेला ओवाळणी घालायचा, हे योहानला ठाऊक होतं. आता त्याने ती जुनी गोष्ट उकरून काढली आणि घेऊन बसला. तो भांडला नाही, हेच वाईट झालं. भांडला असता तर दयाने चार शब्द सुनावले असते. तो नुसता बघायचा. ती ताट ठेवायची तेव्हा बघायचा, ती गोळी गिळायची तेव्हा बघायचा. ते बघणं तिला फोडांपेक्षा जास्त झोंबत होतं. या वयात, पोरीच्या लग्नाचं बघायच्या दिवसांत, नवऱ्यासमोर आपण चांगल्या वळणाच्या आहोत हे सिद्ध करायची पाळी आली, याची तिला शरमही वाटायची आणि संतापही यायचा.

"कुठं हाय ती?" पुढून आवाज आला. थोरली नणंद रिबका राहात्याहून आली होती. आल्या आल्या पायही न धुता ती थेट मागे आली आणि चार हात लांब उभी राहिली.

"दया, तू पुढं येऊ नको गं आज. चर्चचे पाळकसाहेब येनार, माझे दीर येनार. लोकांची जेवनावरनं वासना उडंल."

"ताटानं लागत न्हाई वन्सं. डॉक्टरीणबाई म्हनल्या—"

"डॉक्टरीणबाईला आपल्या वस्तीत ऱ्हायचंय का? आपल्याला ऱ्हायचंय." रिबकाने पदर सावरला. "आज मार्क येतोय ना नगरवरनं, काय ते कळंलच. मीच म्हनलं हुतं, सगळ्यांचं रक्त तपासा. आमच्या घरच्यांत काय निघायचं न्हाई. मंग ज्याचं त्याच्या गळ्यात."

"व्हय," दया म्हणाली. "कळू द्या की."

ती रिबकाच्या हातांकडे बघत होती. मनगटापासून वर वीतभर बांगड्या, त्याच्या वर कोपराखाली येणारी बाही. एवढ्या उकाड्यात! रिबका बोलता बोलता बांगड्यांच्या आत बोट घालून खाजवत होती आणि दयाची नजर गेली तशी थांबली. दयाच्या मनात पाल चुकचुकली, पण ती काही बोलली नाही. ज्या घरात आपल्यावरच सगळ्यांचा संशय आहे तिथे दुसऱ्यावर संशय घेणं म्हणजे नसती आफत.

सासूबाई, एस्तेरबाई, दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. बोलणं त्यांनी कधीच कमी केलं होतं. दयाची बाजू घेत नव्हत्या की लेकीची.

"पोरीनं च्या घेतला का न्हाई?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि कुणाला विचारलं ते कुणालाच कळलं नाही.

धाकटा दीर मार्क सुप्याच्या कारखान्यात कामाला होता. रात्रपाळी संपवून, वाटेत नगरच्या सरकारी दवाखान्यात विचारून तो अकराच्या सुमाराला आला. गाडी लावून त्याने हेल्मेट काढलं आणि कुणाशी न बोलता मधल्या खोलीत गेला. सगळे त्याच्या मागोमाग गेले. दया उंबऱ्यावरच थांबली. आत बोलावल्याशिवाय जायचं नाही, असं तिने अलीकडे ठरवून टाकलं होतं.

"आत या वहिनी," मार्क म्हणाला. "तुमी असायलाच पायजे." मग त्याने दार लोटून घेतलं. "आईला न्हाई. मला न्हाई. एंजेलाला न्हाई. पोरांना न्हाई."

"देवाची कृपा!" एंजेला पुटपुटली.

"दादाला हाय." त्याने बहिणीकडे पाहिलं. "आक्काला बी हाय."

एंजेला नकळत नवऱ्याजवळ सरकली. खोलीत तिच्या लेखी आता कुणाजवळ उभं राहावं असं एकच माणूस उरलं होतं.

"खोटं हाय," रिबका म्हणाली. "सरकारी दवाखाना त्यो. बाटल्या बदलल्या असतील."

"नावं दोनदा विचारली मी आक्का."

योहान उठला. इतके दिवस जे नुसतं डोळ्यांत होतं ते आता तोंडातून बाहेर पडलं, आणि तेही आईसमोर, भावासमोर.

"म्हणजे मला तू दिलंस," तो दयाला म्हणाला. "त्या वाल्मिकनं तुला, आणि तू मला. आता तरी कबूल कर."

दयाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला वाटलं होतं हा क्षण आला की आपण रडू. पण रडू आलंच नाही.

"आन वन्संना? त्यांना बी मीच दिलं का वाल्मिकनं?"

"दया!" योहान ओरडला.

"नाव तुमीच काढलं. मी ह्या घरात आले तवा वन्सं राहात्याला नांदत हुत्या. धाकटा पोरगा चालत हुता त्यांचा. त्यांच्या रक्तात माझं कसं गेलं, सांगा की गुरुजी."

"तुझ्या हातचं खाल्लंय मी दर वर्साला," रिबका ओरडली.

"मार्क भाऊजींनी बी खाल्लंय, त्यांना कुठं लागलं? वन्सं, बांगड्या वर सारा."

रिबकाने हात पदराखाली घेतला. तेवढंच पुरे होतं. पण एस्तेरबाई पुढे झाल्या, लेकीचा हात त्यांनी बाहेर ओढला आणि बांगड्या एका बाजूला सारल्या. मनगटावर जांभळट, चपट्या, चकाकणाऱ्या पुटकुळ्यांचा थर होता. खाजवून खाजवून मधे काळे चट्टे पडले होते.

"हे कंधीपासनं?" आईने विचारलं.

रिबकाने हात सोडवून घेतला.

"डॉक्टरीणबाईंनी मला बी विचारलं हुतं, मनगटाला असं काय हाय का," दया म्हणाली. "तोंडात आतून पांढऱ्या रेघा येतात का. ते बी ह्याच आजारानं असू शकतं म्हनल्या."

"गजकर्ण हाय, मलम लावते मी," रिबका म्हणाली आणि पदराने मनगट झाकून घेतलं. "धाकट्याच्या बाळंतपनापासनं. सासरी कळू दिलं न्हाई. कळलं असतं तर मला माघारी धाडलं असतं त्यांनी."

म्हणजे दया या घरात यायच्या आधीपासून. हिशेब गुरुजींनाही करता आला. योहान खाली बसला, पण दयाकडे त्याने पाहिलं नाही.

"मंग मला कसं न्हाई?" मार्क म्हणाला. "आमी तिघं एकाच घरात वाढलो. एकाच ताटात जेवलो."

"तू कुठं हुतास घरी?" एस्तेरबाई म्हणाल्या. "तू बोर्डिंगात."

आणि दयाला एकदम सगळं दिसलं.

भादव्याचा महिना. बोर्डिंगात गेलेली पोरं सोडून बाकीचं घर ओसरीवर रांगेने बसलेलं. तापाची साथ यायच्या आधी शमुवेल कंपाउंडर घरातल्या आणि वस्तीतल्या सगळ्यांना 'ताकदीचं इंजेक्शन' द्यायचे. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त होऊनही काचेची सिरिंज त्यांनी सोडली नव्हती. सकाळी ती पातेल्यात खळखळा उकळायची, सुईसकट. एकदाच. मग माणसामागून माणूस, आणि मधे फक्त स्पिरिटचा बोळा. पोरांनी घाबरू नये म्हणून पहिली सुई ते स्वतःच्याच दंडात खुपसायचे आणि हसून म्हणायचे, "आधी मी, मग तुमी." एस्तेरबाईंना सुई दिसली तरी चक्कर यायची, म्हणून त्या गोठ्यात जाऊन बसायच्या. दया नवी नवरी होती तेव्हा एका बाजूला उभी होती. सासऱ्यांनी तिला हाक मारून रांगेत बसवलं होतं. "बस पोरी, आता तू घरची." माहेरचं कुणी नसलेल्या त्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते सुईमुळे नव्हतं.

हे बोलायचं कसं? आजच्या दिवशी, या घरात, त्या माणसाबद्दल? ती गप्प राहिली असती. पण योहान अजून जमिनीकडे बघत पुटपुटत होता, "आक्काचं वेगळं असेल. दोघांचं वेगवेगळ्या मार्गानं आलं असेल."

"एकाच मार्गानं आलं," दया म्हणाली. "बाबांच्या सुईनं."

"तोंड सांभाळ!" योहान ताडकन उभा राहिला. "स्वतःचं झाकायला मेलेल्या माणसावर ढकलतेस?"

"पहिली सुई ते सोताला टोचायचे," एस्तेरबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. भिंतीला हात लावून त्या सावकाश खाली टेकल्या आणि कुठेतरी लांब बघत राहिल्या.

सगळ्यात आधी सावरली ती रिबका. "हे बघा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "झालं ते झालं. आता घटकाभरात लोकं येतील. बाबांचं नाव आज निघता कामा न्हाई. आन माझं बी निघता कामा न्हाई, नायतर राहात्याला माझं काय खरं न्हाई. मी आन योहान गुपचूप गोळ्या घेऊ. लोकांना दयाचं ठाऊकच हाय."

"म्हंजी?" मार्कने विचारलं.

"म्हंजी तिचंच ऱ्हाऊ द्यायचं. तिची तर निम्मी बदनामी झालेलीच हाय."

दयाने योहानकडे पाहिलं. मघाशी बहिणीचं नाव निघाल्यावर ज्याला राग आला होता, बापाचं नाव निघाल्यावर जो ताडकन उठला होता, तो आता खिडकीबाहेर बघत होता.

"आक्का म्हणते त्यात तथ्य आहे," तो म्हणाला. "दया, तू जरा समजून घे."

मार्क काहीतरी बोलणार होता, पण एंजेलाने त्याचा शर्ट ओढला. बाहेर पाळकसाहेबांची गाडी वाजली.

मंडपात सतरंज्या भरल्या होत्या. गाणं झालं, वचन वाचून झालं. पाळकसाहेब या मंडळीत नवे होते, त्यामुळे शमुवेल कंपाउंडरांबद्दल त्यांना जे सांगण्यात आलं होतं तेवढंच त्यांना माहीत होतं. "या वस्तीतला असा एकही दंड नसेल," ते म्हणाले, "ज्याला त्या सेवकाचा हात लागला नाही." जुन्या माणसांनी माना डोलावल्या. दया स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ऐकत होती. शेवटच्या वर्षी याच माणसांनी म्हाताऱ्याबद्दल काय काय म्हटलं होतं ते तिला आठवत होतं.

साक्ष द्यायची, म्हणजे उठून सगळ्यांसमोर चार शब्द बोलायची वेळ आली. दरवर्षी योहान उठायचा आणि वडिलांवर छापील भाषण द्यायचा. यंदा तो उठायच्या आत एस्तेरबाई उठल्या.

"बस रे," त्या लेकाला म्हणाल्या. "मला साक्ष द्यायचीय."

आजवर त्यांनी कधीही साक्ष दिली नव्हती.

"ह्यांच्या पोटात शेवटी पानी भरलं, तुमाला आठवत आसंल. डोळे हळदीवानी पिवळे झाले. समदी म्हनली, कंपाउंडर चोरून पितो. तवाच्या पाळकांनी ह्यांना चर्चात प्रभुभोजनाला बसू दिलं न्हाई." त्या थांबल्या. "लोकांचं सोडा. मी काय केलं? ते झोपले की मी त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची. कंधी आला न्हाई. तरी मी म्हनायचे, लई हुशार हाय मानूस, लपवतोय. एस्तेर, मी थेंब घेतला न्हाई, म्हनत म्हनत गेले. मी एकदा बी व्हय म्हनले न्हाई."

त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"ती दारू नव्हती. ही रक्तातली कावीळ हुती. आन सुईनं ती ह्यांच्यातनं माझ्या लेकरांत गेली. योहानला हाय, रिबकाला हाय. दयाला बी ती ह्याच घरात लागली. तिनं भायेरनं काय आनलं न्हाई. ह्यांनी जानून केलं न्हाई, त्यांना ठाऊक नव्हतं. पन ज्यांनी ज्यांनी ह्यांच्या हातची सुई घेतली, त्यांनी रक्त तपासा. औषिद हाय. फुकट हाय. लाजू नका, मरू नका."

त्या खाली बसल्या. मंडपात एकेका माणसाचा हात नकळत आपल्याच दंडाकडे गेला होता. रिबकाने तोंडाला पदर लावला. तिच्या दिरांनी तिच्याकडे एकदा वळून पाहिलं, आणि ती उठून बाहेर निघून गेली. पाळकसाहेबांनी घाईघाईने डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, दुसरं काय करायचं ते त्यांनाही सुचलं नसावं.

जेवणं उरकली. काही जण न जेवताच गेले, पण गोठ्यामागच्या मुक्ताबाई आणि बरीचशी जुनी माणसं थांबली. जाताना मुक्ताबाईंनी दयाला बाजूला घेऊन विचारलं, नगरच्या दवाखान्यात कुठल्या खिडकीपाशी जायचं, आणि सोबत येशील का. दया येते म्हणाली. किती तरी महिन्यांनी कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता.

योहान मागच्या पडवीत आला तेव्हा उन्हं कलली होती. तो खांबाला टेकून उभा राहिला. गुरुजींना माफी मागायची सवय नव्हती.

"माझं चुकलं," शेवटी तो म्हणाला. "नको ते बोललो. आता दोघं मिळून गोळ्या घेऊ. तुझा पुढचा महिना आणि माझा पहिला. सोबतच जाऊ नगरला."

दया भांडी विसळत होती. तिचे हात थांबले.

"एक विचारू?"

"विचार ना."

"तुमच्या रक्तात आज काय निघालं नसतं तर?"

"आता ते कशाला?"

"मला ऐकायचंय."

"दया, झालं ना आता. आई सगळ्यांसमोर बोलली. कुणाचा संशय राहिला नाही."

"मी कुनाचं विचारत न्हाई, तुमचं विचारतेय. मार्क भाऊजींसारखं तुमचं बी रक्त चांगलं निघालं असतं, तर आज तुमी हितं आला असता का?"

योहान तिच्याकडे पाहायचं टाळत होता, हातांकडे, ताटांकडे, कुंपणाकडे पाहत होता. दयाने घाई केली नाही. वर्गात उत्तर न येणाऱ्या पोराला तो जेवढा वेळ उभा ठेवायचा, तेवढा वेळ तिने त्याला दिला.

मग ती उठली, ओले हात शर्टाला पुसले आणि सासूबाईंनी सकाळपासून काही खाल्लं नाही म्हणून त्यांचं ताट वाढायला आत गेली.